जुन्या पीसीवर नवीन टायमर कोड टेस्ट करायचाय? मग हे आधी वाचा

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, टायमरवाल्या कोडमध्ये काही बदल केला, आपल्या नवीन लॅपटॉपवर बिल्ड केला, बूट झाला, सगळं व्यवस्थित चालतंय, तर अजून काहीच टेस्ट झालेलं नाहीये असं धरून चाला. २००८ च्या नेहालेमपासून पुढच्या इंटेल प्रोसेसरात टीएससी नावाचा जो काउंटर आहे तो एकाच स्पीडने पळत राहतो, प्रोसेसर हळू झाला तरी आणि झोपला तरी, त्यामुळे कर्नल सरळ त्यालाच धरतो आणि तुमच्या कोडमधले निम्मे इफ-एल्स कधी चालतच नाहीत. ते इफ-एल्स जुन्या मशीनसाठीच लिहिलेले असतात. ते बरोबर आहेत की नाही हे जुनं मशीन समोर ठेवूनच कळतं, दुसरा मार्ग नाही.

क्यूएमू, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नकली पीसी बनवणारा प्रोग्राम, वापरून चालेल का असं बरेच जण विचारतात. पहिल्या फेरीला चालेल, त्यात ४८६ प्रोसेसर दाखवता येतो, एचपीईटी हा टायमर बंद करता येतो, कोड निदान बूट होतो का ते बघता येतं. पण खऱ्या चिपमधले दोष त्यात नसतात आणि आपल्याला नेमके तेच हवेत.

मशीनं किती? तीन पुरतात, फक्त तिन्ही एकमेकांपेक्षा वेगळी हवीत. एक पेंटियम टू किंवा थ्री, ४४०बीएक्स चिपसेटवालं, १९९८ च्या आसपासचं. दुसरं पेंटियम एमचा लॅपटॉप, २००३ च्या पुढचा, कारण त्याचा प्रोसेसर रिकामा असला की खरंच गाढ झोपतो. तिसरं ॲथलॉन ६४ एक्स२, २००५ चं, दोन कोअरवालं, कारण त्यात दोन्ही कोअरचे टीएससी आपापल्या मनाने चालतात. ४८६ मिळालं तर सोनं, त्यात टीएससीच नाही, तो १९९३ च्या पेंटियमसोबत आला. मी पुण्यात जुन्या बाजारात आणि मुंबईला गेलो की लॅमिंग्टन रोडला चक्कर मारतो. घेताना मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा, डोकं फुगलेलं किंवा तपकिरी काहीतरी गळालेलं दिसलं तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या, अशा बोर्डवर मशीन मधेच लटकतं आणि तुम्ही आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत बसता. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे सीआर२०३२ सेल बदलायचा. जुन्या बोर्डमधला सेल मेलेलाच असतो आणि मग प्रत्येक वेळी बायोसची सेटिंग आणि तारीख दोन्ही जातात.

आता या मशीनमध्ये घड्याळं कोणकोणती आहेत ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सगळ्यात जुना पीआयटी, ११,९३,१८२ हर्ट्झचा, काउंटर फक्त १६ बिटांचा, म्हणून जास्तीत जास्त ५५ मिलिसेकंदांचाच अलार्म लावता येतो. मग एसीपीआयचा, म्हणजे पॉवर सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, पीएम टायमर, ३५,७९,५४५ हर्ट्झ, २४ बिटांचा असेल तर ४.७ सेकंदांत शून्यावर येतो. एचपीईटी, २००४ नंतरच्या बोर्डवर, इंटेलच्या चिपसेटात साधारण १.४३ कोटी हर्ट्झ, ३२ बिट धरले तर ३०० सेकंदांत फिरून शून्य. प्रोसेसरच्या आतले दोन, टीएससी आणि लोकल एपिक नावाच्या भागातला टायमर. आणि वेगळा आरटीसी, तारीख-वेळ जपणारा, सेलवर चालणारा, त्याचा स्वतःचा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल.

यातली गोम अशी की पीआयटी, पीएम टायमर आणि एचपीईटी तिन्हींच्या मुळाशी १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल असतो. अमेरिकन कलर टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीच्या चौपट, १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला. त्याला १२ ने भागलं की पीआयटी, ४ ने भागलं की पीएम टायमर. जुन्या बोर्डवर प्रोसेसरचा क्लॉकसुद्धा त्याच क्रिस्टलवरून बनवलेला असतो. म्हणजे तुम्ही पीआयटीला पीएम टायमरशी ताडून पाहिलं आणि दोघांचं जमलं तर याचा अर्थ एवढाच की भागाकार बरोबर झालाय. क्रिस्टल हळू पळत असेल तर सगळे मिळून हळू पळणार आणि एकमेकांना दुजोरा देणार. घड्याळ तपासायला मशीनच्या बाहेरचं घड्याळ लागतं, हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं लिहिणं कामी आलं. स्लीप ६० ची कमांड द्यायची आणि आधी-नंतर डेट बघायची ही टेस्ट मी कित्येक जणांना करताना पाहिलीय, त्यात दोन्ही कमांड एकाच घड्याळाला विचारतात, घड्याळ निम्म्या स्पीडने चालत असलं तरी ६० सेकंदच दिसणार!

आधी जुना कर्नल

नवीन कोड टाकायच्या आधी त्या मशीनवर साधा, चालणारा कर्नल टाका आणि मशीन नॉर्मल कसं वागतं ते वहीत लिहा. डेबियन घालणार असाल तर १२ पर्यंतच घ्या, १३ मध्ये ३२ बिटांच्या मशीनसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं बंद केलंय. काय लिहायचं, तर बूट लॉगमधल्या टीएससी, एचपीईटी, पीएम टायमर, क्लॉकसोर्स असे शब्द असलेल्या सगळ्या ओळी, कर्नल आपली माहिती दाखवतो त्या सिसएफएसमधल्या क्लॉकसोर्सच्या, म्हणजे कर्नल वेळेसाठी धरतो त्या घड्याळाच्या, फोल्डरात उपलब्ध कोणते आणि आत्ता चालू कोणता, तशाच प्रॉकमधली इंटरप्ट्सची, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकांची, फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा, म्हणजे टायमरचे इंटरप्ट सेकंदाला किती येतात ते कळतं. आणि एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा, बंद ठेवून २४ तासांत घड्याळ किती सरकलं ते.

हे शेवटचं टाळू नका. एनटीपी किंवा तेच काम करणारा क्रोनी चालू असेल तर तो तुमच्या कोडची चूक गुपचूप सावरत बसतो, एनटीपी सेकंदाला ५०० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे दिवसाला ४३ सेकंद, आणि क्रोनी त्याहूनही जास्त. एवढी चूक त्याच्या मागे लपू शकते. म्हणून जुन्या मशीनवर त्याला बंद करायचं, नवीन लॅपटॉपवर चालू ठेवायचं, दोन्ही एकाच स्विचला केबलने जोडायची आणि लॅपटॉपवरून दर तासाला दोन्ही वेळांतला फरक नोंदवायचा. वायफायवर नको, उत्तर यायला लागणारा वेळ फार हलतो. हिशोब सोपा आहे, दहा लाखांत एक भाग चूक म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, शंभर भाग म्हणजे ८.६४ सेकंद. जुन्या बोर्डवर दिवसाला काही सेकंद सरकलं तर घाबरू नका, बघायचं ते हे की सरकणं सरळ रेषेत आहे का. दर तासाला तेवढंच सरकत असेल तर क्रिस्टल. मशीन रिकामं असताना एक आकडा आणि कामात असताना दुसरा, तर कोड.

मी एकदा ही नोंद न करता थेट पॅच, म्हणजे कोडमधला बदल, टाकला होता. दर काही मिनिटांनी टिक, म्हणजे टायमरचे ठरावीक ठोके, हरवत होते, तीन दिवस माझाच कोड उलटसुलट करत होतो, मग वैतागून जुना कर्नल टाकला तर त्यातही तेच! कारण होतं बायोसमधलं यूएसबी कीबोर्डचं जुन्या पद्धतीचं इम्युलेशन. ते चालू असलं की बायोस मधूनमधून प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेतो आणि कर्नलला त्याचा पत्ताच लागत नाही. तेव्हापासून कुठलंही मशीन आणलं की बायोसमध्ये जाऊन ते बंद, क्लॉकची फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी हलवणारं स्प्रेड स्पेक्ट्रम दिसलं तर तेही बंद, आणि कीबोर्ड पीएस-टूचा. प्रोसेसर अजूनही कुणी पळवतंय असा संशय असेल तर कर्नलमध्ये हार्डवेअर लेटन्सीचा ट्रेसर आहे, तो तासभर चालवा.

बिल्ड आणि बूट

बिल्ड नवीन मशीनवरच करा, आर्किटेक्चर आय३८६, म्हणजे ३२ बिटांचं, सांगून. पेंटियम थ्रीवर कर्नल बिल्ड करायला बसलात तर दिवस जाईल. इथेच पहिली चूक सापडते बघा, ६४ बिटांवर नॅनोसेकंदांना साधं भागाकाराचं चिन्ह टाकून भागलेलं असतं, तिकडे चालतं, ३२ बिटांवर लिंकर ६४ बिटांच्या भागाकाराचं युडिव्हडीआय३ हे फंक्शन सापडत नाही म्हणून ओरडतो. कर्नलमध्ये यासाठी वेगळी फंक्शनं आहेत, डू-डिव्ह वगैरे, ती वापरा. यापेक्षा वाईट चूक बिल्डला दिसतच नाही. ३२ बिटांवर ६४ बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो, पहिला तुकडा वाचला, तेवढ्यात इंटरप्ट आला, आकडा बदलला, मग दुसरा तुकडा नवीन आकड्याचा. वर्षातून एकदा वेळ चार सेकंदांनी उडी मारते अशा तक्रारी इथून येतात, २ चा ३२ वा घात नॅनोसेकंद म्हणजे ४.२९ सेकंद. तुमच्या कोडमध्ये असा आकडा कुठे लॉकशिवाय वाचलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, टेस्टमध्ये सापडेलच याची खात्री नाही.

ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या वेळच्या मेनूत, जुना कर्नल डिफॉल्टच राहू द्या आणि नवीन फक्त एका वेळेपुरता बूट करा, म्हणजे लटकलं तर पॉवर बंद-चालू केलं की मशीन परत उभं. मशीन लटकलं की आपोआप रिबूट करणाऱ्या सॉफ्टवेअर वॉचडॉगवर विसंबू नका, तो चालतो तुम्ही तपासत असलेल्या टायमरवरच, टायमर मेला की तोही मेला. इंटेलच्या आयसीएच चिपसेटात टीसीओ नावाचा हार्डवेअर वॉचडॉग असतो, तो मात्र स्वतंत्र आहे, तो वापरा.

सिरीयल पोर्ट हवाच. जुन्या पीसीला मागे नऊ पिनांचा पोर्ट असतो, नल मोडेम केबल घ्या, लॅपटॉपला यूएसबीचा कन्व्हर्टर, स्पीड १,१५,२००, आणि अर्ली प्रिंटके, म्हणजे बूटच्या सुरुवातीचे कर्नलचे मेसेज, त्या पोर्टवर वळवा, कारण टायमरचा कोड बिघडला की बहुतेक वेळा स्क्रीनवर काही यायच्या आधीच मशीन गप्प होतं. पण टायमर इंटरप्टच्या आत प्रिंटके टाकायचा मोह आवरा. त्या स्पीडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, ८० अक्षरांची एक ओळ जायला ७ मिलिसेकंद, आणि एचझेड, म्हणजे सेकंदाला किती टिक ते, १००० असेल तर तेवढ्यात सात टिक येऊन गेले. जे मोजायचं तेच तुम्ही बिघडवलं. आत ट्रेस बफर वापरा, तो नोंदी मेमरीत ठेवतो, मग निवांत वाचा.

बूट झालं की लगेच टेस्ट चालवायला धावू नका. आधी दहा वेळा फक्त बूट करा, पाच वेळा पॉवर काढून आणि पाच वेळा नुसतं रिबूट, आणि प्रत्येक वेळी कर्नलने टीएससी किती मेगाहर्ट्झ मोजला ते लिहा. आकडा दशांशानंतर थोडा हलणारच, पण एखाद्या वेळी भलताच आला तर मोजण्याच्या कोडमध्ये गडबड आहे. रिबूटमध्येच बिघडत असेल तर आधीच्या कर्नलने टायमर ज्या अवस्थेत सोडला तो तुमचा कोड नीट रीसेट करत नाहीये.

आणि प्रत्येक बूटनंतर पाच मिनिटं थांबाच. कर्नलमध्ये जिफीजचा, म्हणजे टिक मोजणारा, काउंटर मुद्दाम शून्याच्या पाच मिनिटं मागे ठेवून सुरू करतात, म्हणजे ३२ बिटांवर बूटनंतर बरोबर पाच मिनिटांनी तो फिरून शून्य होतो. एचझेड १००० वर खरा फेरा ४९.७ दिवसांनी येतो, तेवढं कोण थांबणार, म्हणून ही सोय केलीय. तुम्ही टाइम-आफ्टर हे वेळांच्या तुलनेचं मॅक्रो न वापरता नुसतं मोठं-लहान चिन्ह टाकलं असेल तर पाचव्या मिनिटाला पकडले जाल, पण दोन मिनिटांत मशीन बंद केलं तर नाही.

प्रत्येक घड्याळाला वेगळं गाठा

आता क्लॉकसोर्स एकेक करून बदला, बूट ऑप्शनने, आणि प्रत्येकावर सगळं पुन्हा करा. टीएससी, एचपीईटी, पीएम टायमर, पीआयटी. त्यात हायरेस (बारीक टायमर) चालू-बंद आणि नोएचझेड (रिकामं असताना टिक थांबवणं) चालू-बंद धरलं तर बरीच कॉम्बिनेशन होतात, कंटाळा येतो, पण हेच खरं काम आहे. टीएससीला नोटीएससी देऊन हटवून बघायलाही विसरू नका.

४४०बीएक्सवर पीएम टायमर निवडला की खरी मजा. त्या बोर्डवरच्या पीआयआयएक्स४ चिपमध्ये दोष आहे, काउंटर पुढे सरकत असताना दर ६९.८ नॅनोसेकंदांत ३ नॅनोसेकंदांची फट अशी असते की तेव्हा वाचलं तर काहीही आकडा येतो. म्हणजे शंभरात चार वेळा चुकीचं. कर्नल त्यावर तीनदा वाचून जुळणारा आकडा घेतो, लॉगमध्ये पीएम टायमर बगची ओळ येते. तुमच्या नवीन कोडने पोर्ट एकदाच वाचलेला असेल तर इथे वेळ मागे जाताना दिसेल. एका ओळीच्या बदलाने हा तीनदा वाचण्याचा भाग बाजूला पडू शकतो आणि नवीन मशीनवर कधीच कळत नाही, म्हणून हा बोर्ड मी जपून ठेवलाय.

ॲथलॉनवर टीएससी द्या आणि लॉग बघत बसा. थोड्या वेळात क्लॉकसोर्सचा वॉचडॉग, म्हणजे एका घड्याळाला दुसऱ्याशी ताडणारा कर्नलमधला कोड, टीएससी अनस्टेबल म्हणून जाहीर करतो. नवीन माणसं हे बघून टेस्ट फेल लिहितात, उलटंय, ती ओळ आली म्हणजे कोड बरोबर वागतोय. ओळ आली नाही आणि वेळ मात्र एका कोअरवरून दुसऱ्यावर गेलं की मागे जाते, तेव्हा बग.

पेंटियम एमचं मात्र सविस्तर सांगतो. हा प्रोसेसर सी३ या गाढ झोपेच्या अवस्थेत गेला की त्याच्या आतला लोकल एपिक टायमरही झोपतो, म्हणजे उठवायला लावलेला अलार्मच बंद. कर्नलने झोपायच्या आधी ते काम पीआयटीकडे किंवा एचपीईटीकडे सोपवायचं असतं. हे सोपवणं चुकलं की काय दिसतं ते एकदा बघितलं की विसरत नाही. माझ्याकडच्या लॅपटॉपवर बूटच्या ओळी येत होत्या, मधेच थांबल्या, मी मशीन लटकलं समजून पॉवर बटणाकडे हात नेला आणि चुकून शिफ्टवर बोट पडलं तर दोन ओळी पुढे सरकल्या. परत शिफ्ट, परत दोन ओळी. शिफ्ट दाबत दाबत मी लॉगिनपर्यंत पोचलो! कीबोर्डचा इंटरप्ट आला की प्रोसेसर उठायचा, हातातलं काम करायचा आणि परत झोपायचा. असं दिसलं तर बूट ऑप्शनमध्ये प्रोसेसरचा मॅक्स सी-स्टेट १ करून बघा, सगळं सुरळीत झालं तर चूक याच सोपवण्यात आहे.

यावरूनच पुढची गोष्ट, फक्त लोडवर टेस्ट करू नका. लोक मोठा बिल्ड लावतात, रात्रभर चालला की पास म्हणतात. लोडवर प्रोसेसर झोपतच नाही, हा बग त्यात कधीच येणार नाही. नेटवर्क केबल काढा, ग्राफिकल डेस्कटॉप बंद, सिंगल यूजरमध्ये जा आणि मशीन तासभर तसंच सोडा. आठवतंय ना, पीएम टायमर ४.७ सेकंदांत फिरतो, टिक बंद असताना कर्नल त्याहून जास्त झोपला तर एक अख्खा फेरा हरवतो आणि घड्याळ तेवढं मागे पडतं. तासाने मोबाइलशी ताडून बघा, फरक ४.७ च्या पटीत असेल तर कारण शोधायला दूर जायला नको.

तयार टेस्ट कर्नलच्या सोर्समध्येच आहेत, सेल्फटेस्ट्समधलं टायमर्स नावाचं फोल्डर. वेळ मागे जाते का, नॅनोस्लीप लवकर उठतो का, क्लॉकसोर्स चालू असताना बदलला तर काय, सगळं त्यात आहे. घड्याळ बदलणाऱ्या टेस्ट वेगळ्या ठेवल्यात, डिस्ट्रक्टिव्ह म्हणून, त्या काम नसलेल्या डिस्कवरच चालवा. त्यातच २०३८ चीही आहे, तेव्हा ३२ बिटांचा सेकंदांचा काउंटर भरतो, पण मला ती हाताने करायला आवडते. तारीख १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळ सकाळी ८:४३ लावायची आणि ८:४४:०७ नंतर काय होतं ते डोळ्यांनी बघायचं. कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, ३२ बिटांवरही हे पार करू शकतो, तुमच्या बदलाने ते मोडलं नाही ना एवढंच बघायचंय.

सस्पेंडसाठी आरटीसीवेक, म्हणजे आरटीसीच्या अलार्मने उठवणारी कमांड, लावून तीस सेकंद झोप असे वीस फेरे करा. उठल्यावर टीएससी शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे वेळ मागे गेली तर इथेच जाते. आरटीसी सेकंदांतच मोजतो, तेव्हा एखाद्या सेकंदाचा फरक चालेल. साडेपाच तासांचा फरक दिसला तर तो कोडचा नाही, त्याच डिस्कवर विंडोज आहे आणि ते आरटीसीमध्ये भारतीय वेळ लिहितं.

पॅचसोबत रिपोर्ट देताना मशीनचं नाव पुरत नाही. प्रोसेसर, चिपसेट, बायोसची तारीख, बायोसमध्ये काय बंद केलं ते, जुन्या आणि नवीन दोन्ही कर्नलचे अख्खे बूट लॉग, कॉन्फिगची फाइल, दर तासाच्या फरकाचे आकडे मशीन रिकामं असतानाचे आणि लोडवरचे वेगवेगळे. कुठल्या क्लॉकसोर्सवर टेस्ट केली नाही तेही लिहा, रिव्ह्यू करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. आणि काम झालं म्हणून मशीन लगेच देऊन टाकू नका, पॅचचं दुसरं-तिसरं व्हर्जन निघतंच आणि तेव्हा हाच बोर्ड, याच बायोस सेटिंगवर परत लागतो.